गंगारामभाऊंचा नकार

मंगळवार, संध्याकाळ

पोलिसांचं वेग मोजणारं रडार पुढे असल्याचं आधीच सांगणारं यंत्र आज हौसेने गाडीत बसवलं. पोलादपूरहून बिरवाडीच्या कारखान्यात कामगार नेणारे आमचे ड्रायव्हर गंगारामभाऊ ते पाहून खालीच उतरले.

"हे काढा, नायतर दुसरा ड्रायव्हर बघा."

"अहो, बरेच जण वापरतात."

"पुढे पोलीस हाय, हे सांगंल. वळणावर म्हातारी हाय, हे सांगंल काय?"

दुपारी वकील मित्रानेही हे बेकायदा असल्याचं बजावलं होतं, ते मी हसण्यावारी नेलं. भाऊंचं मात्र ऐकलं. यंत्र काढलं.

भाऊंच्या दोन मुली शिकताहेत, तरी माणसाने नोकरी पणाला लावली. माझ्यात आहे का एवढी धमक? मी तर साधं "चुकलं" म्हणालो नाही. उद्या म्हणेन.