निसटलेली टर्मिनल

आश्विन पौर्णिमा
धुळ्याहून वायरिंगची पेटी परत आली. तेथे रुग्णवाहिका बांधतात. त्यांच्या मापाचे वायरिंग जळगावात आमची सूनबाई, अनुराधा, करून देते. वायर हलकेच ओढली तरी टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टर्मिनलातून निसटते, अशी तक्रार. आत रुग्ण असता तर? सूनबाई टर्मिनल दाबणाऱ्या सुमनवर कामावरच्या सर्व बायकांदेखत कडाडली, "तीन वर्षं हेच करतेस, आता हात ढिला पडला का?" सुमन हातातली पकड ठेवून निघून गेली. जाताना माझ्याकडे एकदा पाहिले. का, ते उमगले नाही.

व. द्वितीया
सुमन आली नाही. जपात चित्त नाही.

व. तृतीया
तिच्या जागी मीच बसलो. टर्मिनल दाबले, ओढले, निसटले. पुन्हा तेच. पोथीचे भिंग आणून टर्मिनल दाबायच्या पकडीचा जबडा पाहिला. वाळलेले गंध, त्यात चिरडलेली अक्षता. जबडा पुरता मिटतच नव्हता.
खंडेनवमीला हत्यारांची पूजा मीच केली. दसऱ्यानंतर काम सुरू करताना सुमनने विचारले होते, "आबा, हाई गंध पुसू का?" मीच दटावले, "पूजेचे चिन्ह पुसू नये." जन्मभर शास्त्र वाचले आणि... एवढे ऐकून घेतले, पण तिने माझे नाव घेतले नाही.

व. चतुर्थी, संकष्टी
सूनबाईस सर्व सांगितले. तिने जबडा घासून स्वच्छ केला, दहा टर्मिनल दाबली, दहाही ओढून पाहिली. एकही सुटले नाही.
"म्हणजे मी सुमनला उगाच..." तिने लगेच फोन लावला. सुमनने उचलला नाही.

व. षष्ठी
रिक्षाने पिंप्राळ्यास, सुमनच्या घरी. जिना चढताना दोनदा थांबलो. मी हात जोडताच ती ओरडली, "आबा, पाप लागी मले!" चहा दिला.
"मग येतेस ना?"
"तुम्ही उनात, बठ्ठं पावलं. पन वहिनी का बरं नही उनी? बोलनी तर ती."
घरी येऊन निरोप दिला: आबा आले, सगळे पावले, पण बोलली ती वहिनी, मग ती का नाही आली? सूनबाई वायरी मोजीत राहिली. "माल गुरुवारी धुळ्याला जायचाय, आबा. मग बघू."
अपराध माझा, तिला 'जा' कोणत्या तोंडाने म्हणू? तिच्या स्कूटरची किल्ली अद्याप खुंटीलाच आहे.