मशीन चालू आहे

वरूड,
८ मे २००५

लाडक्या शाकीबला,

तुझ्या आपाचा सलाम आणि दुआ. इकडे सगळे ठीक, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. ऊन असं की डांबरावर चप्पल चिकटते. तुझं पोट बिघडलं होतं, बरं झालं का? पुण्यात बाहेरचं खाणं जरा कमी कर.

मशीनचं आधी सांगते, नाहीतर तू पुढचं वाचायचाच नाहीस. तुझा सर्व्हर चालू आहे. वरूड, अंजनगाव, अकोला, तिन्ही ठिकाणच्या आपल्या संत्र्याच्या मालाचा हिशेब त्याच्यावर चढायचा. आता चढवायला माल नाही. धंदा वाढतच जाणार म्हणून मोठ्या कंपन्यांकडे असतो तसला तू आणून बसवलास, आणि तेव्हा धंदा वाढत होताच. बागांमधली झाडं आपण सगळ्यांनी मोजली, जमिनीत पाणी किती ते कुणी पाहिलं नाही. बोअर आटले. आपल्याला वर्षानुवर्षं माल देणाऱ्या महादेवरावांनी स्वतःच्या बागेवर कुऱ्हाड चालवली, लाकूड जळणाला गेलं. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत.

तरी ते रोज मशीनच्या खोलीत जात. मशिदीत शिरताना काढतात तशा चपला दाराशी काढून. आत धूळ जायला नको, असं तू बजावलं होतंस ना. माल नाही तर कशाला चालू ठेवता, असं विचारलं की म्हणत, "शाकीब तिकडून पाहून राहिला. मशीन चालू दिसली का त्याले समजते, घरी सारं बरं हाय."

जात, असं लिहिलं मी. गेल्या महिन्यात अब्बांचं डावं अंग गेलं. तुला नुसता अशक्तपणा सांगितला, कारण त्यांनी मला कसम घातली. शिवाय फोनवर तू आधी सर्व्हरचं विचारतोस, मला राग येतो, आणि मग सांगायचं तेही राहून जातं.

वीज गेली की जनरेटर त्या एका खोलीपुरताच. मशीन एसीत आणि अब्बा ओसरीत घामानं भिजलेले. खाट आत टाकू म्हटलं तर म्हणाले, "नोको यास्मीन. पोराची मशीन खराब होईन." काल डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या, म्हणाले.

म्हणून हे पत्र पेटीत टाकून आले की मशीन मी माझ्या हातानं बंद करणार आहे आणि जनरेटरची तार अब्बांच्या कूलरला जोडणार आहे. बंद दिसताच तू फोन करशील. मी उचलणार नाही. अब्बा समोर असले की मी पुन्हा खोटंच बोलेन.

सकाळी ते विचारतील, "चालू हाय ना?" मी हो म्हणेन. आता फार दिवस ते विचारणार नाहीत, शाकीब. निघ.

अब्बांच्या खाटेपाशी बसून,
तुझी यास्मीन आपा