पिवळ्या स्टुलावरचं वाक्य

१ ऑगस्ट, मंगळवार

सहा स्टुलांची खरी किंमत — सुताराला टोपलीभर धुरी दिलेली मासळी, तीन संध्याकाळी त्याच्या गुडघ्याचं पुराण, आणि बायकोचा दोन दिवस अबोला. लाकूड तिच्याच, अराबाच्या, धुरीघराच्या दाराचं होतं!

अक्राच्या शिबिरातल्या बाईंनी बैठकीची रीत शिकवली — पिवळ्यावर बसून फक्त फायदा बोलायचा, काळ्यावर फक्त धोका, हिरव्यावर नवी युक्ती. असे सहा रंग. आणि प्रत्येकानं सगळ्यांवर आळीपाळीनं बसायचं. पण आमच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या स्टुलावर बसतो कोण? बसणाऱ्याचा जीव मुरतो त्यात. मी सरळ माणशी एक वाटून टाकलं. निळं माझं — बैठक हाकणाऱ्याचं. एकेकाळी लोकांच्या टोपल्या वाहिलेला माणूस मी!

८ ऑगस्ट, मंगळवार

मंगळवारी समुद्राला सुट्टी, कुणी होडी काढत नाही, म्हणून बैठक. आमच्या मच्छीमार गटाच्या जुन्या होडीला मोठं इंजिन लावून लांब जायचं का? एरवी तीन तास भांडण. आज पाऊण तास!

पिवळ्यावर एग्या, म्हणजे बाबा, न्यान्कोम, पन्नास वर्षं होड्या दुरुस्त करणारे. मध्येच म्हणाले, "पण पाठच्या फळीचं लाकूड—"

"एग्या, ते काळ्याचं काम! तुम्ही गोड बोला," मी अडवलं.

हशा. हिरव्यावरून माझा धाकटा भाऊ एकॉ, "म्हाताऱ्याला जन्मात पहिल्यांदा गोड बोलायला लावलंस, दादा!"

काळ्यावर एवुसी मास्तर, गटाचे कागद लिहितात. "मला तर पाण्याचीच भीती," म्हणाले, "पण होडीत धोका काही दिसत नाही."

सगळ्यांचे हात वर. ठरलं. एकदा जायचं ठरलं की होडीबद्दल वावगं बोलायचं नाही, ही जुनी रीत. कुणाचं एक वाक्य राहिलं नाही — अशी बैठक या किनाऱ्यानं पाहिली नसेल.

१० ऑगस्ट

एकॉ आणि सहा जण गेले. अराबानं वाटेत खायला आंबवलेल्या मक्याची केंकी बांधून दिली. "वहिनी, येताना तुझ्या धुरीघराला दार आणतो!" पाण्यातून ओरडला.

१२ ऑगस्ट

सहा आले. दुसऱ्यांच्या होडीतून. इंजिन पाठच्या फळीसकट उचकटून गेलं, म्हणे. इंजिनाशी एकॉ होता.

१३ ऑगस्ट

शोधलं. काही नाही.

१५ ऑगस्ट, मंगळवार

आज कुणी शोधायला जात नाही. समुद्राची सुट्टी. मीही गेलो नाही. वाळूवर बसून राहिलो.

अराबानं एकॉचं हिरवं स्टूल आडवं करून भिंतीशी ठेवलं. मालक गेला की उभं ठेवत नाहीत. मी म्हणालो, "घाई काय होती?" तिनं ओला हात माझ्या पाठीवर ठेवला.

२२ ऑगस्ट, मंगळवार

एग्यांकडे गेलो. जाळं विणत होते, वर पाहिलं नाही. "त्या दिवशीचं तुमचं वाक्य पुरं करा," म्हटलं.

त्यांनी हातातली गाठ पुरी केली.

"...लाकूड मऊ झालंय. दाबलं की बोट आत जातं."

एवढंच होतं.