पानाच्या माथ्यावरचा आकडा

४ जाने.
पहाटे मेगरची, इन्शुलेशन मोजायच्या त्या मीटरची, मूठ फिरवल्याचा आवाज आठवला. घर्रर्र… मग काटा स्थिर होईतो सगळे गप्प. टेस्टिंग लॅब सुटून किती वर्षं झाली!
पुढच्या रविवारी टाउनशिपच्या क्लबात निवृत्तांपुढे बोलायचंय, कारखान्यातल्या विजेच्या मोटारींच्या इन्शुलेशनवर. जुन्या वहीतल्या रीडिंगांचा आलेख सूनबाई अदिती कॉम्प्युटरवर काढून देतेय.

५ जाने.
आलेख आला. उभ्या अक्षावर नुसते २, ४, ६. दहाचा नववा घात वर कोपऱ्यात एकदाच, बारीक. अदिती म्हणाली, "पप्पा, डिफॉल्ट असंच येतं." आम्हीही तसंच करायचो. घात पानाच्या माथ्यावर एकदा, खाली नुसते आकडे. शाळेच्या पुस्तकात कवितेचं ध्रुवपद एकदा छापून पुढे नुसतं 'धृ.', तसं. पण मागच्या रांगेला कोपरा कुठला दिसायला? म्हटलं, प्रत्येक खुणेला तिचा घात हवा.

६ जाने.
अदितीनं लेबलांसाठी चार ओळींचा कोड लिहिला. अक्षही दहाच्या पटींचा केला: १×१०⁸, १×१०⁹, १×१०¹⁰. देखणं दिसतंय. फक्त एका मोटारीची रेघ मध्येच एक पायरी खाली. नागमोड तीच.
वही काढली. ६.२, ६.४, ६.१, दोन्ही पानांवर. आधीच्या पानाच्या माथ्यावर नववा घात, नव्या पानाच्या माथ्यावर माझ्याच अक्षरात आठवा. कडेला टिपलेला मीटरचा पल्ला मात्र दोन्हीकडे एकच.
इन्शुलेशन पान उलटल्यावर बिघडत नसतं.

७ जाने.
ती मोटार तिवारींनी गुंडाळलेली. वाइंडिंग शॉपमधला सगळ्यात चांगला हात. माझ्या रीडिंगांवरून कॉइल ओली ठरली, उकलून पुन्हा गुंडाळली. पुढचं रीडिंग चढलं, म्हणून कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. ठपका तिवारींवर आला; त्यांना स्टोअरला धाडलं, तिथूनच ते निवृत्त झाले.
एकदाच माझ्या टेबलाशी आले होते. "साहब, वार्निश हमने पूरा सुखाया था."
मी म्हणालो होतो, "मीटर झूठ नहीं बोलता."

८ जाने.
अदिती : "पप्पा, अब रहने दो ना. ती एक रेघ काढून टाकते मी, कोणाला समजणार?"
काढू दिली नाही. तिवारींना पत्र लिहिलं, हिंदीत. दोन मसुदे फाडले. अयोध्या नगरच्या पत्त्यावर टाकलं. क्लबात सगळ्यांसमोर सांगणार आहे, तेही लिहिलं.

११ जाने., शनि.
उद्या भाषण. पत्राला उत्तर नाही. आलेखाची प्रत निघाली. शाई जरा फिकी.

दुपारी. बेल वाजली. दारात तिवारींच्या पत्नी, जिना चढून दमलेल्या. हातात माझ्या पत्राचं पाकीट, फोडलेलं. आतापर्यंत या घरी कधी आल्या नव्हत्या.
"मैंने पढ़ लिया, भाईसाहब. उनको नहीं सुनाया. आप ही सुनाइए. नीचे रिक्शे में बैठे हैं."
त्या पाणी पितायत. चष्मा आणतो म्हणून आत आलोय. चष्मा डोळ्यांवरच आहे