गियरच्या पाठीवर कापलेली बाही

चिरंजीव धाकटोबास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. (सत्तरी उलटली तरी मला तू चिरंजीवच. तक्रार असेल तर माझ्याआधी जन्मायचं होतंस.) इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा वळतो का, नवी कवळी तोंडात असते की डबीतच, ते कळव. पत्र नातसून लिहिते आहे. मी सांगते त्यातलं निम्मं ती गाळते असा मला संशय आहे, पण वाचता येत नसल्यामुळे पुरावा नाही.

बारा तारखेला पंधरा दिवसांसाठी येतोस हे वाचून (म्हणजे ऐकून) आनंद झाला. घर तुझंच आहे. आता आमच्या इंजिनिअरचं ऐक.

नातू सकाळी सात ते तीन पंपाच्या कारखान्यात लेथवर लोखंड सोलतो आणि सहा ते नऊ कॉलेजात मेकॅनिकलची डिग्री शिकतो. वर्गात सगळे नोकरीवालेच. कुणाचे केस गेलेत, कुणाची मुलं शाळेत जातात, आणि निम्मे फक्त हजेरीपुरते जागे होतात. मागच्या वर्षांचे बाकी सगळे विषय सुटले, पण ड्रॉइंगने याला दोनदा आपटलं. ही तिसरी खेप शेवटची. यंदा गेला तर नाव कमी आणि तीन वर्षं पाण्यात. म्हणून घरात कुणी आवाज करायचा नाही असा नियम मी केला आहे, आणि तो मोडला की मीच ओरडते.

एकट्या पोराला झेपणार कसं, म्हणून मी शेजारी बसते. हे चाक कशाचं, याला दात किती, एखादा पडला तर तुझ्यासारखी कवळी बसवतात का, असं विचारत असते. विचारल्याने त्याचं ज्ञान पक्कं होतं. हल्ली तो कानात कापूस घालून बसतो. सर्दी झाली असेल.

गेल्या रविवारी दुपारी त्याला, तिरका कापलेला पाइप उलगडला तर सपाट पत्र्यावर कसा दिसेल, ते काढायचं होतं. त्याने कड काढली ती पट्टीने मारल्यासारखी, सरळ उतरती. मी बघून म्हटलं, "ही बाही काखेत ओढणार."

"आजी, ही बाही नाही, पाइप आहे."

चाळीस वर्षं मी लोकांच्या ब्लाउजच्या बाह्या कापल्या, आणि हात म्हणजे तरी काय, पाइपच की. त्याने हट्टाने कागद कापून गुंडाळला, तर एक टोक वर, एक खाली. मग मी कात्री मागितली. हाताला आला तो मोठा कोरा कागद घेतला, मधे डोंगर आणि दोन्हीकडे उतार अशी बाहीची कड कापली, गुंडाळली, आणि तोंडाला तोंड मिळालं. पोराने मला उचललंच. खाली ठेवल्यावर त्याने कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला आठ दिवस खपून काढलेला गियर होता, सोमवारी द्यायचा. मी कात्रीने त्याच्या अगदी मधून गेले होते.

सोमवारी तो बाही आणि उरलेला कागद, दोन्ही घेऊन गेला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, गियर पुन्हा काढायला लावला, बाही मात्र परत दिली नाही. वर्गाला दाखवायला ठेवून घेतली म्हणे.

आता थांबते, नातसुनेची बोटं दुखायला लागलीत. प्रकृतीला जप, नाहीतर मी रागवायचं कुणाला?

तुझी ताई

ता. क. (नातसुने, हे गाळू नकोस.) परीक्षा बारालाच सुरू होते ती सत्तावीसला संपते. खोल्या दोन. तुझा रेडिओ, तुझ्या पहाटेच्या गुळण्या आणि तुझं "आमच्या वेळी" हे तिघेही तुझ्याबरोबर मुक्कामाला येतात. नातू तुला नको म्हणायचा नाही, मुकाट्याने जिन्यात बसून अभ्यास करील. तेव्हा गुडघ्याचं निमित्त काढ आणि अठ्ठावीसला ये. हुकूम नाही, विनंती आहे. जन्मात पहिल्यांदा करतेय, तेव्हा जपून ठेव.

आणखी एक ता. क. मामाआजोबा, हे मी, तुमचा इंजिनिअर, लिहितोय; पत्र पेटीत टाकायला आजीने माझ्याकडे दिलं आहे. रेडिओ आणा, गुळण्या करा, मला सगळं चालेल. पण बाराला नक्की या, आणि रोज साडेतीन ते साडेपाच आजीला बागेत घेऊन जा. तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथे तुम्हीच द्यायची. परीक्षेत बाहीचा प्रश्न हमखास असतो असं सर म्हणालेत. हे तेवढं तिला सांगू नका, ती पेपरलाही शेजारी येऊन बसेल.