एका ओढीत सुटणारी गाठ

माकुणसार,
ता. १३ नोव्हेंबर १९६६

चि. सुगंधास राहीआत्याचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. पानमळ्याला पाणी आपला गडी भिका देतो. माझी कंबर पेन्शनीत निघाली, जीभ अजून नोकरीवर आहे.

काल देवळापुढे तुझ्या वडिलांची शोकसभा झाली. सरपंच चिंतूने भाषणात त्यांच्या हाती ब्रह्मदेशात मशीनगन दिली. माझा भाऊ कमलाकांत खेचरांच्या पलटणीत होता हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चिखलातून ओझी नेली, बांधली, सोडली. त्यात काय कमी होतं? वर चिंतू म्हणतो, खरा शिपाई, अब्रूसाठी पोटच्या पोरीला दार बंद केलं.

मग मी उठले. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणत, खोटं ऐकून गप्प बसणारा ते अर्धं बोलतोच. म्हटलं, वहिनी गेल्यावर या शिपायाने पोरीच्या वेण्या घातल्या. खेचराच्या ओझ्याची गाठ त्याने तिच्या रिबिनीला मारली, दप्तराला मारली, मळ्यातल्या वेलींनाही मारली. घट्ट, पण टोक ओढलं की सुटणारी. गोळीबारात ओझं चटकन उतरवावं लागे. चिंतू खाली बसला.

तू घाटावरचा नवरा केलास तेव्हा कमलाकांत बोलला ते बोलला. पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस, हे मीही ऐकलं. पुढे मला म्हणे, दिलेला हुकूम मागे कसा घेऊ? मी म्हटलं, जन्मभर हुकूम पाळलेस, देणारा कधीपासून झालास? हसला नाही.

भाद्रपदात भिकाने तुला बोईसरच्या बाजारात पाहिलं. दिवस गेलेत, म्हणाला. त्या रात्री कमलाकांत जेवला नाही. सकाळी त्याने वहिनीची जुनी, मऊ लुगडी उन्हात टाकली. दुपट्यांसाठी. दर रविवारी गाठोडं घेऊन सफाळे स्टेशनपर्यंत जायचा आणि तसाच परत यायचा. घरी आला की गाठ सोडून पुन्हा बांधायचा. मी चिडून विचारलं, हा काय खेळ? म्हणाला,

"पोर अवघडलेली हाय. तिला जोर लावाया लागू नये. एका ओढीत सुटली पायजे."

नंतरच्या रविवारी ताप होता.

दहाव्याला तू बांधावर उभी राहून परत गेलीस. भिकाने पाहिलं आणि मला सांगितलं संध्याकाळी. गाढव आहे.

गाठोडं ओटीवर आहे. मी सोडलेलं नाही, ते माझं नाही. सफाळ्याहून बोईसर म्हणजे काही ब्रह्मदेश नव्हे. दिवस कळव, बैलगाडी स्टेशनावर उभी राहील. जावयांनाही आण, बघू दे घाटावरचं माणूस कसं असतं ते. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. उंबरा आता माझा आहे आणि माझे हुकूम मी मागे घेत नाही.

कात्री लागणार नाही. टोक त्याने वरच ठेवलंय.

तुझी,
दार लोटूनसुद्धा न घेतलेली,
राहीआत्या