चोरबटण

ता. ६, सोमवार

तिसरा सेट गेला! या वेळी नऊ नंबरच्या अँब्युलन्सचा. ड्रायव्हर गाडी मागच्या भिंतीला लावून सही करायला आत गेला, दहा मिनिटांत परत आला, तर डॅशबोर्डखाली नुसती पट्टी. वायरलेस सेट, माइक — सगळं गायब. साहेब माझ्यावरच खेकसले, जणू मीच पिशवीत घालून नेला! ‘वायरलेसचं खातं तुझं, उत्तरही तूच दे.’ खातं म्हणजे काय, तर मी, एक टेबल आणि एक सोल्डरिंग गन.

वायर कापलेली नव्हती. प्लग नीट सोडवलेला, दोन्ही बाजूंचे स्क्रू काढून सीटवर ठेवलेले. भुरट्या चोराला एवढी सवड कुठली? साहेब म्हणाले, ‘कापलेला नाही, काढलेला आहे. माणूस आपल्यातलाच.’ आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

ता. ७, मंगळवार

का बघत राहिले ते मला ठाऊक आहे. दादा.

सात नंबरची गाडी माझा सख्खा भाऊ चालवतो. आठ वर्षांपूर्वी आधीच्या नोकरीत गाड्यांतलं डिझेल चोरीला जायचं, तेव्हा त्याच्यावर आळ आला आणि त्याला काढलं. सिद्ध काहीच झालं नाही. पण आळ कुठे धुतला जातो? इथे मीच शब्द टाकून त्याला लावून घेतलं. आता इथूनही गेला तर पन्नाशीच्या ड्रायव्हरला कोण उभं करणार? घरी आई, वहिनी, दोन मुली.

तो चोर नाही. लिहून ठेवते. तो चोर नाही.

ता. ९, गुरुवार

आज डोक्यात उजेड पडला! सोमवारी नऊ नंबरच्या शेजारीच चार नंबरची गाडी उभी होती. तिचा सेट मेलेला आहे, महिनाभर पार्टची वाट बघतोय. त्याला हातही लागलेला नाही. म्हणजे हा इसम आधी सेट चालू करून बघतो, दिवा लागला तरच नेतो. बंद सेट कोण घेणार त्याच्याकडून?

मग सगळेच सेट बंद दिसले तर? प्रत्येक गाडीत कुठेतरी लपवलेलं एक बटण. ते दाबलं नाही तर सेट ठार मेलेला. चोरखिसा असतो तसं चोरबटण! नावावर मीच खूश झाले.

ता. १३, सोमवार

साहेबांना कल्पना आवडली. अकराही गाड्यांना बसव म्हणाले, प्रत्येकात वेगळ्या जागी, आणि ज्या-त्या ड्रायव्हरला आपापली जागा एकट्यात दाखव. मग दार लोटून घेतलं. ‘सात नंबरला सोडून. तिथे बटण बसव, पण तुझ्या भावाला कळता कामा नये. चालू-बंद तू करायचं. थोडे दिवस बघू.’

मी म्हटलं, ‘साहेब, तो माझा भाऊ आहे.’

‘म्हणूनच तुला सांगतोय. नाहीतर आजच घरी बसवला असता.’

मी हो म्हणाले. त्याची नोकरी वाचवायलाच हो म्हणाले ना? की माझ्याही मनात कुठेतरी — नाही. पुढे लिहीत नाही.

ता. १४, मंगळवार

सात नंबरचं बटण ड्रायव्हरच्या सीटखाली, सीट सरकते त्या रुळाच्या मागे बसवलं. पालथी पडून वायर ओढत होते, तर दादा दारात! हातात चहाचे दोन कप.

‘काय गं, काय शोधतेस खाली?’

‘वायर सैल झाली होती.’

‘बघ बाई नीट. डोंगरात मोबाइल लागत नाही, तिथे हाच आमचा मायबाप.’

चहा गरम होता. तसाच घटाघटा प्यायले, जीभ भाजली.

ता. १७, शुक्रवार

एकही सेट गेलेला नाही. ड्रायव्हर खूश, साहेब खूश. मी रोज दादाच्या ड्युटीआधी ‘सेट तपासायला’ जाते आणि बटण दाबते, ड्युटी संपली की पुन्हा बंद. जेवताना त्याच्याकडे बघवत नाही. आईने विचारलंच — ‘तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?’

ता. २१, मंगळवार



सकाळी तीन नंबर पंक्चर झाली, म्हणून दादाला पाऊण तास आधीच बाहेर काढलं. डोंगरातल्या वस्तीवर एका माणसाच्या छातीत कळ आली होती. मी तेव्हा बसमध्ये, खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत! डेपोत शिरले तर सात नंबरची जागा रिकामी.

कंट्रोल रूममध्ये धावले. ऑपरेटरबाई माइकमध्ये ओरडत होत्या, ‘सात नंबर, सात नंबर, उत्तर द्या.’ जवळच्या हॉस्पिटलमधला हृदयाचा डॉक्टर सुट्टीवर होता. पेशंटला थेट मोठ्या हॉस्पिटलला न्यायला सांगायचं होतं. सात नंबर गप्प. मोबाइल लावला — संपर्क क्षेत्राबाहेर. बाई म्हणाल्या, ‘असा कसा उत्तर देत नाही हा? कधी चुकत नाही तो.’ मी भिंतीला टेकून उभी. मला माहीत होतं का उत्तर देत नाही ते. त्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर बटण होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं.

तो जवळच्या हॉस्पिटलला गेला. तिथून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. चाळीस मिनिटं फुकट. पेशंट आत आहे, चोवीस तास काही सांगता येत नाही म्हणतात.

देवा, त्या माणसाला वाचव. बाकी काही मागत नाही.

ता. २२, बुधवार

पेशंट वाचला! बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुपारी साहेबांनी दादाला बोलावलं. मीही होते. ‘सेट बंद का होता?’

मी आता बोलणार, आता बोलणार — तोवर दादाच म्हणाला, ‘चुकलो साहेब. बटण दाबायला विसरलो.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. त्याला बटण दाखवलंच नव्हतं हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं! साहेबांनी ताकीद लिहिली, दादाने सही केली. माझी दातखीळ बसली होती. लाज वाटते लिहायला, पण बसली होती.

घरी गच्चीवर त्याला गाठलं. माफी मागायला शब्द जुळवत होते, त्याने बोलूच दिलं नाही. कपडे वाळत घालता घालता म्हणाला, ‘जागा एकमेकांना सांगायच्या नाहीत म्हणे! पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सांगितल्या. मला विचारलं, तुझं कुठंय? मी म्हटलं, बहिणीने शपथ घातलीय, सांगायचं नाही.’

‘दादा, मी साहेबांना —’

‘चिमटे दे इकडे.’

ता. २७, सोमवार

चोर सापडला. बॅटऱ्यांमध्ये पाणी भरायला येतो तो कंत्राटी माणूस. बॅटरीची पेटी एका हाताने उचलून शीळ घालत फाटकातून निघाला होता. वॉचमनने अडवलं — बॅटरी एका हाताने उचलणारा हा कोण पहिलवान? पेटीत दोन नंबरचा सेट. बटण चालूच राहिलं होतं त्या गाडीचं. आधीचे तीन त्याच्या घरी निघाले.

साहेबांनी दादाची ताकीद सर्वांसमोर फाडली. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात. आता सगळं सुरळीत होईल.

ता. २८, मंगळवार

सकाळी दादाने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. ‘सात नंबरचा सेट तपासून द्या, मॅडम. तुम्ही सांगितल्याशिवाय गाडी काढत नाही.’ ना आवाज चढलेला, ना काही. वाटलं, चारचौघांत म्हणतोय.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. पाण्याचा जग माझ्याकडे सरकवत म्हणाला, ‘घ्या.’